कॅज्युअल्टीतून व्हायरलचा पेशंट घरी सोडताना मी काय काय बघतो

प्रश्न एका तरुण आरएमओचा, म्हणजे ड्युटी डॉक्टरचा, आहे, नाशिकमधल्याच एका मध्यम हॉस्पिटलात नाईट करणाऱ्याचा. सर्दी-खोकला-तापाचे पेशंट रात्रभर येत राहतात, बेड मोजके, सिनियर फोनवर, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, तर जवळजवळ सगळ्यांचंच ९७-९८, मग कुणाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नि कुणाला ठेवून घ्यायचं हे नेमकं कशावरून ठरवायचं?

सॅच्युरेशन हा आत्ताचा आकडा आहे, आणि तुम्ही पेशंट सोडताय तो पुढच्या दोन-तीन दिवसांसाठी. त्यामुळे माझ्या मते प्रश्न 'पेशंट आत्ता बरा दिसतोय का' एवढाच नाहीये, तो बिघडलाच तर घरातल्या कुणाच्या तरी ते वेळेत लक्षात येईल का आणि लक्षात आल्यावर तो परत आपल्यापर्यंत पोचेल का हा पण आहे. अर्धं लक्ष पेशंटकडे आणि अर्धं त्याच्या घराकडे, असं मी तरी धरून चालतो.

आधी पेशंट. कुठल्याही कॅज्युअल्टीतले केसपेपर काढून बघा, रेस्पिरेटरी रेटच्या (मिनिटाला किती श्वास) रकान्यात २० लिहिलेलं सापडेल, ओळीने सगळ्यांना २०. कुणी मोजलेलाच नसतो. आणि व्हायरलमध्ये सगळ्यात आधी बोलतो तो हाच आकडा, सॅच्युरेशन पडायच्या कितीतरी आधी. तर मोजा, पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, आणि पेशंटला सांगू नका की श्वास मोजतोय, नाहीतर तो मुद्दाम हळू घेतो. मी मनगट धरून बसतो नाडी बघतोय असं दाखवत आणि नजर शर्टाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बटणावर किंवा पदरावर ठेवतो, ते वरखाली होताना स्वच्छ दिसतं. मोठ्या माणसात २४ किंवा त्याच्यावर आला तर तो पेशंट घरी जाणारा नाही, निदान त्या क्षणी तरी नाही, कोविडच्या वेळी आपल्या आरोग्य मंत्रालयाच्या गाईडलाईनमध्ये पण मॉडरेट पेशंट २४ पासूनच सुरू व्हायचा. ३० च्या वर असेल तर चर्चाच नको. लहान मुलांत वेगळं गणित, दोन महिन्यांच्या आत ६०, दोन ते बारा महिने ५०, एक ते पाच वर्षं ४०, तेवढा किंवा त्याच्यावर गेला की जलद श्वास, आणि बाळ रडत असताना मोजलेला आकडा धरायचा नाही, आईच्या अंगावर शांत झालं की मग मोजायचा.

श्वास जलद आहे, छाती क्लिअर आहे, सॅच्युरेशन ९८ आहे, अशा पेशंटला 'घाबरलाय' म्हणून सोडून देऊ नका. आधी ग्लुकोमीटर लावा. डायबेटिक माणूस व्हायरलमध्ये जेवत नाही, जेवत नाही म्हणून इन्सुलिन बंद करतो, आणि दोन दिवसांनी कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये येतो, म्हणजे रक्तात आम्ल साठतं, आणि तो श्वास खोल नि जलद असतो पण फुफ्फुसाचा त्यात काही दोष नसतो. तसंच सेप्सिसचं, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीरच बिघडतं त्याचं.

नाडीचं पण बघा. तापात नाडी वाढतेच, एका डिग्री सेल्सियसला साधारण दहा ठोके, म्हणून ताप असतानाची ११८ बघून घाबरू नका आणि 'तापामुळे असेल' म्हणून सोडूनही देऊ नका. पॅरासिटामॉल द्या, पाणी-ओआरएस पाजा, तासभर बसवा आणि परत मोजा. ताप उतरला आणि नाडी ९०-९५ वर आली तर छान. ताप उतरूनही नाडी ११५-१२० वरच बसली असेल तर ईसीजी काढा आणि पेशंट ठेवून घ्या, डिहायड्रेशन असेल, मायोकार्डायटिस (हृदयाच्या स्नायूला सूज) असेल, काहीही असेल, पण तो पेशंट तुमच्या नजरेसमोरच बरा.

मग चालवा. हे फार कमी जण करतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण याला ना मशीन लागतं ना पैसे. २०२१ मध्ये आपल्या राज्याच्या आरोग्य खात्यानेच घरोघरी लोकांना सहा मिनिटं चालायची टेस्ट शिकवली होती, तीच आपण कॉरिडॉरमध्ये करायची. बोटाला ऑक्सिमीटर, नेहमीच्या चालीने चालायचं, वयस्कर असेल तर तीन मिनिटं पण चालतील. सॅच्युरेशन ३ ने किंवा जास्त पडलं, किंवा ९३ च्या खाली गेलं, किंवा आकडा ठीक आहे पण माणूस मध्येच भिंतीला हात लावून उभा राहिला, तर त्याला घरी पाठवायचं नाही. बसल्या जागी ९७ आणि शंभर पावलांवर ९१ असे पेशंट कोविडमध्ये आपण सगळ्यांनी बघितलेत, आणि ते बोलत असतात हसत असतात, त्यांना दम लागलाय हे त्यांनाच कळत नसतं. बसूनच ९४ च्या खाली असेल, छातीत दुखत असेल, उभंच राहवत नसेल, तर मात्र चालवायच्या फंदात पडू नका.

ऑक्सिमीटरवर आंधळा विश्वास पण नको. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून पहाटे बाईकवर आलेल्या माणसाची बोटं बर्फासारखी असतात, आकडा काहीही दाखवतं. हात चोळून गरम करा, मेंदी-नेलपेंट असेल तर दुसरं बोट घ्या, ऑक्सिमीटरवरची नाडी तुम्ही मोजलेल्या नाडीशी जुळतेय का बघा, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, लावल्या लावल्या दिसलेला पहिला आकडा लिहू नका. सावळ्या त्वचेत ही मशीन्स कधी कधी खऱ्यापेक्षा एक-दोन टक्के जास्त दाखवतात हेही आता माहिती आहे, त्यामुळे ९४ दाखवत असेल तर मी तो ९४ मानून निवांत होत नाही. उलट बाजूला पेठ-सुरगाण्याकडच्या, आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या आज्या असतात, त्यांचं बरं असतानाचंच सॅच्युरेशन ९०-९१ असू शकतं, तिथे जुने कागद मागायचे आणि नेहमीपेक्षा किती फरक पडलाय ते बघायचं.

आता दिवसाचं. आजाराचा कितवा दिवस हे कळल्याशिवाय डिस्चार्जचा निर्णय घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. फ्लूमध्ये पहिले दोन-तीन दिवस माणूस पार झोपतो आणि मग हळूहळू सुधारतो. कोविडमध्ये बिघडणारा पेशंट साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात बिघडतो. तान्ह्या बाळांचा आरएसव्ही या व्हायरसचा ब्राँकिओलायटिस (बारीक श्वासनळ्यांची सूज) तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी आलेलं बाळ आज ठीक दिसतंय, ते उद्या आणखी खराब होणार हे जवळजवळ ठरलेलं आहे, आणि हे आईला आजच सांगायला पाहिजे, 'उद्या परवा खोकला नि श्वास वाढेल, तेव्हा अमुक दिसलं तर लगेच या'. आणि फ्लूमध्ये एक खास: तीन-चार दिवसांनी बरं वाटलं, माणूस उठून बसला, आणि मग परत थंडी वाजून ताप आला, पिवळा कफ पडायला लागला, तर तो बॅक्टेरियल न्यूमोनिया समजून परत यायचं. हे एक वाक्य कागदावर लिहून द्या.

दिवस विचारायचा पण कसा ते सांगतो. 'ताप कधीपासून' विचारलं की 'कालपासून' हेच उत्तर येतं, कारण काल ताप जास्त होता. त्याच्या आधी तीन दिवस अंग मोडून आलेलं, कणकण असलेली, मेडिकलमधून गोळी घेऊन निभावलेलं, ते त्याच्या हिशोबात आजारच नसतो. म्हणून मी कामावरून विचारतो. बागेत शेवटचं कधी गेलात, कंपनीत शेवटची शिफ्ट कुठली केली, जेवण कधीपासून गोड लागत नाही. मग खरा पहिला दिवस निघतो. बागेचा विषय निघालाच तर हेही विचारा की फवारणी केली होती का. द्राक्षाच्या सीझनमध्ये घाम, लाळ, छातीत घरघर आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, असा माणूस 'कफ झालाय' म्हणून आला तर तो व्हायरल नाहीये, ती विषबाधा आहे.

बाकी व्हायरलच्या गर्दीत लपणारे नेहमीचे: पावसाळ्यात डेंग्यू, म्हणून प्लेटलेट माहीत नसताना ब्रुफेन-डायक्लोसारख्या वेदनाशामक गोळ्या नको, दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर टीबीसाठी थुंकी, चाळिशीच्या पुढचा आणि छाती जड वाटतेय म्हणणारा असेल तर ईसीजी काढल्याशिवाय दाराबाहेर नाही, पाय सुजलेत आणि आडवं झालं की खोकला वाढतो तर हार्ट.

रिस्क असलेल्यांची यादी तुम्हाला पाठ असेल, स्वाइन फ्लूच्या काळापासून ए-बी-सी कॅटेगरी (सौम्य, मधले-रिस्कवाले, गंभीर) चालत आल्यात. पाच वर्षांखालची मुलं, ६५ च्या वरचे, गरोदर बायका, दमा-सीओपीडी (धुराने-सिगरेटने होणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार), हार्ट, किडनी, लिव्हर, डायबेटिस, कॅन्सर, एचआयव्ही, बराच काळ स्टेरॉईडवर असलेले. यांना फ्लूची शंका असेल तर ऑसेल्टामिविर (फ्लूच्या व्हायरसचं औषध) रिपोर्टची वाट न बघता सुरू करा, मोठ्यांना ७५ एमजी दिवसातून दोनदा पाच दिवस, किडनीचा पेशंट असेल तर डोस कमी. पहिल्या ४८ तासांत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोग. गरोदर बाईचं सॅच्युरेशन ९५ च्या खाली मी चालवून घेत नाही आणि तिला सोडायच्या आधी गायनॅकवाल्यांशी बोलतो. तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापाने आलं तर ते पेडियाट्रिशियनने बघितल्याशिवाय घरी जात नाही, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

आता घर, आणि खरं सांगायचं तर इथेच जास्त पेशंट हातचे जातात. तोच आजार, तेच आकडे, पण एकजण गंगापूर रोडला राहतो, बायको शिकलेली, ऑक्सिमीटर घरात, गाडी खाली उभी. दुसरा सुरगाण्याकडून दिंडोरीत द्राक्षाच्या कामाला आलेला, बागेतल्या शेडमध्ये राहतो, फोन मुकादमाचा. तिसरा अंबडच्या एमआयडीसीत, पाच पोरांत एक खोली, आणि सगळे वेगवेगळ्या शिफ्टला त्यामुळे रात्री खोलीत कोणीच नाही. चौथी इंदिरानगरला पीजीमध्ये एकटी राहणारी मुलगी. पहिल्याला सॅच्युरेशन ९५ वर मी घरी सोडेन, बाकीच्यांना त्याच ९५ वर सकाळपर्यंत ऑब्झर्वेशनला ठेवेन. याला कुणी भेदभाव म्हणत असेल तर म्हणू दे. रात्री दोनला पेठ-हरसूलच्या माणसाला सोडायचं म्हणजे तो एकतर स्टँडवर थंडीत बसून राहणार नाहीतर जीपवाल्याला आहे ते पैसे देऊन घाटातून जाणार, आणि पहाटे बिघडला तर परत येणार कसा? त्याला एक खाट द्या, खाट नसेल तर खुर्ची द्या, सकाळी परत श्वास मोजा आणि एसटी सुरू झाल्यावर सोडा. तुम्हाला सहा तास फुकट बघायला मिळतात, आणि हे सहा तास कुठल्याही ब्लड टेस्टपेक्षा जास्त सांगतात.

सूचना कुणाला देता हेही बघा. बिल भरायला जो भाऊ किंवा मेहुणा उभा असतो त्यालाच आपण सगळं सांगतो, आणि तो सकाळी कामाला जातो. रात्री पेशंटजवळ झोपणार कोण ते विचारा आणि त्या माणसाला बोलवा, बऱ्याचदा ती आई, बायको नाहीतर सून असते आणि ती बाहेर बाकावर बसलेली असते. तिला सांगून झालं की तिच्याकडून वदवून घ्या. 'मावशी, आता तुम्ही मला सांगा, काय दिसलं तर यांना परत घेऊन यायचं?' सुरुवातीला उत्तर येतं, 'ताप आला तर.' म्हणजे आपलं सांगणं पोचलेलंच नाही. ताप तर येणारच आहे अजून दोन दिवस. मग परत सांगायचं, तिच्या भाषेत: बोलताना वाक्य तुटायला लागलं, एका दमात पूर्ण वाक्य होईना, संडासला जाऊन आल्यावर धापा टाकतोय, ओठ-नखं काळी-निळी दिसतायत, छातीत दुखतंय, असंबद्ध बोलतोय किंवा उठवलं तरी नीट उठत नाही, थुंकीत रक्त, दिवसभर लघवीच नाही. बाळाचं असेल तर श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, दूध नेहमीच्या निम्म्यावर आलंय, बारा तासांत शू नाही, श्वास घेता घेता मध्येच थांबतंय. तिने यातल्या तीन-चार गोष्टी स्वतःच्या शब्दात सांगितल्या की मग सोडायचं. आणि हे सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेला कागद हातात द्या. १०८ चा नंबर त्या कागदावरच छापून ठेवा आणि गावातल्या आशाताईंना कळवायला सांगा.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉल दोन-दोन नावांनी पोटात जातं, एक तुमची गोळी आणि एक मेडिकलवाल्याची सर्दीची गोळी, दोन्हीत तेच. म्हणून खिशातल्या सगळ्या स्ट्रिप टेबलवर काढायला सांगा. मुलांना दर किलोला १५ एमजीचा डोस, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही, आणि अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही. लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधांबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट सांगितलंय की दोन वर्षांखाली देऊच नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळा, तेव्हा आईबाप कितीही मागू देत, वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध द्या म्हणा, वर्षाच्या आत मध नको. अ‍ॅझिथ्रो हे अँटिबायोटिक प्रत्येकाला लिहायची सवय सोडा. आणि स्टेरॉईड. दम्याचा किंवा सीओपीडीचा अ‍ॅटॅक आलाय तर स्टेरॉईड लागतंच, तिथे घाबरू नका, पण साध्या व्हायरलला 'लवकर बरं वाटावं' म्हणून डेक्साची (डेक्सामेथासोन, एक स्टेरॉईड) गोळी देऊ नका. कोविडमध्येसुद्धा डेक्साचा फायदा ऑक्सिजनवर असलेल्यांना झाला, ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना नाही, आणि २०२१ ला शुगर वाढून म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, किती लोकांचे डोळे नि जबडे गेले ते आपल्या जिल्ह्यानेही बघितलंय. डायबेटिकला बजावा की जेवण कमी झालं तरी इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, शुगर बघून फोन करायचा. दम्याचा पंप चालूच ठेवायचा, आणि पंप स्पेसर (मधली प्लास्टिकची नळी) लावून समोर मारून दाखवायला लावा, निम्म्या लोकांचं औषध जिभेवरच पडत असतं.

घरी गेल्यावर लोक आणखी काय काय करतात तेही विचारायला पाहिजे. थंडीत दारं-खिडक्या बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवतात, पेशंटला ऊब मिळावी म्हणून. त्यातून कार्बन मोनॉक्साईड होतो आणि सगळं घर झोपेतच जाऊ शकतं, आणि यात ऑक्सिमीटर फसतं, विषारी वायू रक्तात भरलेला असतानाही ९८ दाखवतं. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि घरातल्या चौघांना एकदमच 'व्हायरल' झालंय असं कळलं की शेगडीचं विचाराच. बाळांना ओव्या-लसणाची धुरी, नाकात तेल, छातीला कापूर, हे सगळं नको, नीट समजावून सांगा, आज्जीचा अपमान न करता, कारण बाळाला चोवीस तास सांभाळणारी तीच असते. वाफ मोठ्यांनी घ्यावी पण पातेलं लहान मुलांच्या हाताला लागेल असं नको, भाजलेली पोरं दर हिवाळ्यात येतात. खिडकी थोडी उघडी, पेशंटला मास्क, आणि घरात तान्हं बाळ किंवा दम्याची म्हातारी असेल तर त्यांची झोपायची जागा वेगळी.

दोन्ही बाजूंनी दबाव येईल त्याची तयारी ठेवा. एक म्हणेल मेडिक्लेम आहे, चोवीस तास अ‍ॅडमिट दाखवा. गरज नसेल तर नाही म्हणा, बेड दुसऱ्याला लागणार आहे आणि वॉर्डातून त्याला नवीन इन्फेक्शन मिळू शकतं. दुसरा म्हणेल काही होत नाही, आम्ही नेतो घरी. त्याची फक्त सही घेऊन हात झटकू नका, खर्चाची भीती आहे का विचारा, सिव्हिलला फोन करून पाठवता येतं, सरकारी योजनेत बसतंय का ते बघता येतं. एवढं करूनही नेणार असतील तरी कागद, औषध, धोक्याच्या खुणा, सगळं तेवढंच नीट द्यायचं आणि 'कधीही परत या, कोणी काही बोलणार नाही' हे तोंडाने सांगायचं. लाजेपोटी उशिरा परत येणारे पेशंट असतात, फार असतात.

कंपनीचं सर्टिफिकेट मागणाऱ्यांना तारीख आधीच भरून देऊ नका. पॅरासिटामॉल न घेता चोवीस तास ताप नाही आणि बाकीचा त्रास उतरतोय, तेव्हा कामावर, तोपर्यंत नाही.

सोडताना केसपेपरवर शेवटचे आकडे वेळेसकट लिहा: श्वास, नाडी, बीपी, ताप, बसून सॅच्युरेशन, चालून सॅच्युरेशन, आजाराचा दिवस, सूचना कुणाला दिल्या आणि त्यांनी काय उलट सांगितलं, परत कधी दाखवायचं. आणि एक चालू फोन नंबर, मुकादमाचा असला तरी चालेल. रिस्कवाल्यांची नावं वेगळ्या वहीत काढून दुसऱ्या दिवशी सकाळच्या सिस्टरला द्या, तिने फोन लावून एवढंच विचारायचं की काल रात्रीपेक्षा आज कसं आहे, जेवले का, आणि बोलता बोलता दम लागतोय का हे तिने पेशंटलाच फोनवर घेऊन ऐकायचं, नातेवाईकाच्या 'ठीक आहे' वर फोन ठेवायचा नाही.